सरावाचा डावा हात

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. घाबरू नका, कुणाचा तोडून आणलेला नाही, रबराचा आहे. मनगटापाशी मी संपतो. त्याच्या मागे ना कोपर, ना खांदा, ना माणूस. मला तोंड नाही, डोळे नाहीत. मग हे सगळं पाहिलंस कसं आणि सांगतोस कसं, असं विचारू नका. आत्मवृत्त सांगणाऱ्याला तेवढी सूट असते. जुनी छत्री बोलते, फाटकं पुस्तक बोलतं, मग मीच काय घोडं मारलंय?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तो कोणत्या गावात होता ते मला सांगता येणार नाही, कारण जन्मल्याबरोबर मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं. साच्यात रबर ओतताना आत पाच तारा ठेवल्या होत्या. त्यामुळे माझी बोटं वाकवावी तशी वाकतात आणि वाकवली तशीच राहतात. प्रत्येक बोटाच्या टोकाला एक खाच आहे. तिच्यात प्लास्टिकचं नख बसवायचं, ते घासायचं, रंगवायचं, बिघडलं की उपटून दुसरं बसवायचं. नखांचं काम शिकणाऱ्या मुलींना सराव करता यावा, म्हणून मला घडवलं होतं. मी डावा. उजवे हात वेगळ्या खोक्यात भरले आणि आम्हा डाव्यांना वेगळ्या. माझा जोडीदार कुठल्या गावी गेला, कुणास ठाऊक. दोन हात असले की नमस्कार करता येतो, टाळी वाजवता येते. एकट्याला यातलं काहीच जमत नाही.

आगगाडीने मी मलकापूरला आलो. तिथे सरकी-ढेपेच्या एका दुकानाच्या माडीवर सुलभा मॅडम नखांचा वर्ग घ्यायच्या. खालून ढेपेचा वास आणि वर नेलपॉलिशचा, अशा मिसळलेल्या हवेत माझी पिशवी उघडली गेली. उघडणारी मुलगी होती करिष्मा. वय वीस. गाव लोणार तालुक्यातलं बीबी. मलकापुरात मावशीकडे राहून ती शिकत होती. तिच्या स्वतःच्या बोटांवर कापूस वेचताना बोंडांच्या टोकांनी ओढलेले ओरखडे होते. मला पिशवीतून काढताना तिने माझं मनगट अगदी जपून धरलं. असा स्पर्श मला पहिल्यांदाच झाला. त्या क्षणापासून मी तिचा झालो, हे मी मोकळेपणाने सांगतो.

घरी तिचं कौतुक कमी आणि थट्टाच जास्त होती. तिचे वडील उत्तमराव शेतकरी. फोनवर त्यांचा आवाज असा मोठा, की फोन कानाला लावायची गरजच नसे. ते म्हणायचे, "काय व करिष्मे, नखं कापाले कोर्स लागते का? आपल्या घरी तं दातानंच काम भागते!"

"बाबा, कापाचं नाही. सजवाचं काम हाये हे," ती सांगायची.

"हाव हाव. सजव बापा, सजव."

ते हसायचे, तीही हसायची. पण फोन ठेवला की माझ्या अंगठ्यावर नख घासायची कानस जरा जोरातच चालायची.

करिष्माची एकच इच्छा होती. कुणीतरी दारात येऊन 'करिष्मा कोण आहे? मला तिच्याकडूनच करून घ्यायचं आहे,' असं म्हणावं. आतापर्यंत तिला कुणी नावाने शोधत आलं होतं ते फक्त वेचणीला मजूर कमी पडले तेव्हा.

वर्ग एका महिन्याचा होता. तो महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ. मी आदर्श विद्यार्थी होतो. हललो नाही, शिंकलो नाही, 'पाणी पिऊन येते' म्हणालो नाही. करिष्मा माझी बोटं हवी तशी वळवायची, खरवडायची, घासायची. जेल लावून मला निळ्या प्रकाशाच्या छोट्या दिव्याखाली ठेवायची. त्या दिव्याखाली जेल कडक होतं. एकदा तिने माझ्या पाचही नखांवर कपाशीचं उमलतं बोंड काढलं: करंगळीवर मिटलेलं, अंगठ्यावर पूर्ण फुटलेलं. सुलभा मॅडमनी मला उचलून सगळ्या वर्गाला दाखवलं. माझा फोटो बीबीपर्यंत गेला. उत्तमरावांनी उलट निरोप पाठवला, की कापूस झकास आहे पण बोंडअळी काढायची राहिली.

शेवटच्या आठवड्यात मात्र मॅडम म्हणाल्या, "आता रबरी हात बाजूला ठेवा. जोड्या करा आणि एकमेकींच्या हातांवर काम करा. खरं शिकणं तिथेच आहे."

वर्गात मुली अकरा होत्या. मलकापूरच्या मुली एकमेकींच्या ओळखीच्या. पाच जोड्या पटापट लागल्या आणि करिष्मा उरली. कुणी तिला हाकललं नाही, पण बोलावलंही नाही. मॅडमनी विचारलं तेव्हा ती घाईने म्हणाली, "राहू द्या मॅडम, मले हा हाये ना." आणि तिने मला जवळ ओढलं.

मला केवढा अभिमान वाटला! वीस जिवंत हात सोडून तिने मला निवडलं, असं मी समजलो. सगळं पुढे बिघडलं ते इथूनच, पण तेव्हा ते ना तिला कळलं ना मला.

कोर्स संपला आणि आम्ही एसटीने मेहकरला निघालो. बुलढाणा गेलं, चिखली गेली. पिशवीच्या तोंडातून माझी तीन बोटं बाहेर आली होती. शेजारी बसलेल्या म्हातारीला डुलकी लागली आणि तिचं डोकं माझ्यावर टेकलं. ती दचकून उठली आणि ओरडली, "अवं माय! पोरीच्या थैलीत मानसाचा हात हाये!" सगळी गाडी उभी राहिली. कंडक्टरने मला बाहेर काढायला लावलं, बोटं दाबून पाहिली आणि म्हणाला, "याचं अर्धं तिकीट लागते." लोक पोट धरून हसले. करिष्मा लाजून लाल झाली, तरी तिने मला परत पिशवीत कोंबलं नाही. पुढचा सगळा रस्ता मांडीवर घेतलं.

मेहकरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत जयमालाताईंचं ब्यूटी पार्लर होतं. त्यांनी दाराजवळचा एक कोपरा करिष्माला दिला. एक टेबल, दोन स्टुलं, दिवा, बाटल्या आणि मी. समोरच्या ओट्यावर बनाबाईंचं बांगड्यांचं दुकान. बनाबाई साठीच्या पुढच्या. दिवसभर बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायच्या.

उत्तमराव लेकीचं बस्तान बसवायला बीबीहून आले होते. जाताना म्हणाले, "आखाजीपर्यंत पाह्य. जमलं तं जमलं. नाही जमलं तं मी घ्याले येतो. आपलं वावर काही पळून जात नाही." आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. तोपर्यंत साधारण तीन महिने होते.

पहिलं मोठं गिऱ्हाईक आलं ते म्हणजे समता. गावातलीच मुलगी, परवा लग्न, उद्या हळद. सोबत तिची मावशी. करिष्माने सकाळपासून टेबल चार वेळा पुसलं होतं. मला तिने नमुना म्हणून शेजारी उभं केलं, नखांवर लग्नातली फुलं काढून.

मित्रांनो, आता नीट ऐका. करिष्माने समताचं बोट धरलं ते जसं माझं धरायची तसं, घट्ट, वळवून. नखाच्या कडेची कातडी मागे सारली तीही माझी सारायची त्याच जोराने. अनामिकेच्या कडेला रक्ताचा थेंब आला. करिष्माने तो कापसाने टिपला आणि काम चालू ठेवलं. समताच्या कपाळाला आठ्या पडल्या, तिने खालचा ओठ दाताखाली धरला. मला ते समोर दिसत होतं. पण करिष्माची नजर नखावरून हलली नाही. कशी हलणार? महिनाभर तिने ज्याच्यावर काम केलं, त्याला चेहराच नव्हता. वर पाहायची सवय मी तिला लावलीच नव्हती.

मावशी म्हणाल्या, "सजाचं म्हटलं तं थोडं सोसा लागते बापा." समता नवरी मुलगी, लाजरी. ती गप्प राहिली. मग करिष्माने जेलचा थर दिला, माझ्यावर द्यायची तसा जाडजूड, आणि हात दिव्याखाली घातला. जाड जेल कडक होताना तापतं आणि नखाला चटका बसतो. मला कधी बसला नाही. समताला बसला. ती किंचाळली, हात झटक्याने ओढला, दिवा खाली पडला.

"पोरीचा हात हाये का लाकूड?" मावशी कडाडल्या. "रगत निंघालं, चटका बसला, तुले दिसून नाही राह्यलं का?"

"मले वाटलं..." एवढंच करिष्मा म्हणाली. ती पडलेला दिवा उचलायला वाकली. उरलेल्या नखांवर जयमालाताईंनी साधं पॉलिश लावून वेळ निभावली.

दुसऱ्या दिवशी हळद. हळदीत नवरीचे हात सगळ्यांपुढे असतात. दुखऱ्या बोटाला हळद झोंबली, समताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मांडवातल्या प्रत्येक बाईने विचारलं, "बोटाले काय झालं व?" प्रत्येकीला उत्तर मिळालं. वरात निघायच्या आत सगळ्या मेहकरला करिष्माचं नाव माहीत झालं. नावाने ओळखलं जावं ही तिची इच्छा अशी पुरी झाली.

मग कुणी आलं नाही. लग्नसराई समोरून वाजतगाजत जात होती. जयमालाताईंकडे भुवया कोरायला बायका यायच्या, पण दाराजवळच्या टेबलापासून हात पदरात घेऊन जायच्या. करिष्मा दिवसभर बसून राहायची. आणि काय करायची? मलाच हातात धरून बसायची.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी खूश होतो. दिवसातून तीन-तीनदा ती माझी नखं बदलायची, माझ्याशी बोलायची. "तूच बरा," म्हणायची. "तू काही बोलत नाही, काही सांगत फिरत नाही." ज्याला कुणी नाही त्याला असं कुणी म्हटलं तर तो काय करील? मनातल्या मनात मी म्हणायचो, राहू दे, नकोत ती दुसरी माणसं. एका दुपारी ती माझ्या तळव्यावर कपाळ टेकून रडली. तिचे अश्रू माझ्या बोटांमधून टेबलावर उतरले. मला फक्त बोटं मिटायची होती, तिच्या केसांवरून जरा फिरवायची होती. पण माझी बोटं दुसऱ्याने वाकवल्याशिवाय वाकत नाहीत. त्या दिवशी मला समजलं, की तिच्याजवळ असूनही तिच्याजवळ कुणीच नाही. मला माझीच लाज वाटली.

समोरच्या ओट्यावरून हे सगळं पाहणाऱ्या बनाबाई उठून आत आल्या. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काऊन व पोरी, हा मुर्द्याचा पंजा घेऊन काय बसली?"

"सराव करून राह्यली, मावशी."

"कायचा सराव? याले मारलं तरी हे 'हूं' नाही करत. चाल, उठ. माह्या ओट्यावर बस चार रोज."

'मुर्द्याचा पंजा' हे काही मला आवडलं नाही. पण खरं बोलणाऱ्याशी भांडून काय मिळणार?

करिष्मा ओट्यावर जाऊन बसली. दार उघडंच असे, त्यामुळे टेबलावरून मला सगळं दिसायचं. बनाबाई बाईचा हात आपल्या हातात घेऊन आधी नुसताच चोळायच्या. बोटं एकत्र दाबून पाहायच्या. मग काचेची बांगडी सरकवायला लागायच्या, पण बांगडीकडे पाहायच्याच नाहीत. नजर सगळी त्या बाईच्या तोंडावर. बांगडी बोटांच्या मुळाशी अडली की नेमकं तेव्हाच विचारायच्या, "माहेर कोनतं म्हने तुमचं?" बाई उत्तर द्यायला तोंड उघडायची, हात सैल पडायचा आणि बांगडी मनगटावर.

"समजलं का?" त्या करिष्माला म्हणायच्या. "बांगडी चढते हातात, पन दुखते थे तोंडावर दिसते. हाताकडं पाहून काच फुटते. चाळीस वर्सं झाले, माह्या हातून कोनाले लागलं नाही असं नाही. पन मले आधी दिसलं, मंग लागलं."

चार दिवसांचे तीन आठवडे झाले. करिष्माने बांगड्या भरल्या, काही फोडल्या, बोलणी खाल्ली. मग एके दिवशी बनाबाई स्वतःच तिच्या टेबलापाशी आल्या आणि त्यांनी आपला हात पुढे केला. जन्मभर दुसऱ्यांचे हात सजवणाऱ्या त्या हाताची नखं चिरलेली, पिवळी, वेडीवाकडी. "घे," म्हणाल्या. "माह्या नखाले आजवर कोनी हात लावला नाही. कर काय कराचं थे."

करिष्माने मला उचलून बाजूला ठेवलं. बनाबाईंचा हात दोन्ही हातांत घेऊन नुसताच धरला. मग कानस घेतली. थोड्या वेळाने बनाबाईंच्या डोळ्याचा कोपरा जरासा आकसला. त्या काही बोलायच्या आतच करिष्माचा हात थांबला.

"लागलं का मावशी?"

"लागनार व्हतं," बनाबाई म्हणाल्या आणि हसल्या.

मला आनंद झाला का? खोटं कशाला बोलू, आधी पोटात दुखलं. नसलेल्या पोटात. आनंद नंतर झाला.

तरीही गिऱ्हाईक येईना. एकदा गेलेलं नाव बनाबाईंच्या नखांनी परत येत नाही. आखाजी उजाडली. उत्तमराव दुपारच्या गाडीने येणार होते. करिष्माने सकाळीच पिशवी भरली: कपडे, बाटल्या, दिवा आणि सगळ्यात वर मी. आखाजीला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात आणि माहेरच्या बांगड्या भरतात. त्यामुळे बनाबाईंच्या ओट्यावर ही गर्दी. त्या गर्दीत समता होती.

तिने उजवा हात पुढे केला. डावा पदरात. बनाबाईंनी तो ओढून बाहेर काढला. अनामिकेवरचं जुनं जेल अजून निघालं नव्हतं. नखाबरोबर पुढे सरकलेलं, कडा उचललेल्या, साडीच्या सुतात अडकणाऱ्या.

"हे काऊन ठेवलं अजून?"

"भेव लागते काढाले," समता म्हणाली. "कोनाले हात लावू नाही देत मी."

बनाबाईंनी हाक मारली, "करिष्मा!"

करिष्मा ओट्याशी येऊन उभी राहिली. समताने हात पटकन मागे घेतला. करिष्मा खाली बसली आणि सरळ समताच्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी तुमच्याकडं पाह्यलंच नाही. तुमचं नख तेवढं पाह्यलं. माह्यं चुकलं. आज मी गावी चालली. जायच्या आधी हे काढून देऊ का? तुमी 'थांब' म्हटलं की हात सोडीन."

समताने आधी आपल्या बोटाकडे पाहिलं. मग तिने हात पुढे केला.

जेल विरघळवून, भिजवून, कणाकणाने काढायला अर्धा तास लागला. करिष्माने समताला आत टेबलापाशी बसवलं आणि सगळं सामान पिशवीतून काढून परत टेबलावर मांडलं, मला तेवढं पिशवीत ठेवून. त्या अर्ध्या तासात समताला 'थांब' म्हणावं लागलं नाही, कारण तिच्या भुवया हलल्या की करिष्मा आपणच थांबायची. शेवटी खालून समताचं स्वतःचं नख निघालं, थोडं पातळ, पण चांगलं. समताने ते उजेडात धरून पाहिलं आणि शेजारच्या नणंदेला म्हणाली, "बस तू. करून घे हिच्याकडून."

उत्तमराव आले तेव्हा दारात चार जणी उभ्या होत्या. त्यांनी पिशवी उचलली आणि सगळ्यात वर असलेला मी त्यांच्या हाती लागलो. मला कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. मग स्टुलावर बसून त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि लेकीचं काम बघत राहिले. राठ, गरम तळवा होता त्यांचा. तासाभराने त्यांनी बनाबाईंना विचारलं, "कवा सुटते हे?"

"आज काही सुटत नाही. तुमी जेवून घ्या आन जा घरी."

उत्तमरावांनी मान हलवली. टेबलावर जागा नव्हती म्हणून त्यांनी मला कपाटाच्या माथ्यावर ठेवलं. करिष्माकडे एकदा पाहिलं, डोळे पुसले आणि रिकाम्या हाताने बीबीची गाडी धरली.

याला दोन वर्षं झाली. मी अजून कपाटावर आहे. माझी तर्जनी आतून मोडली आहे, अंगाला धूळ चिकटली आहे. खाली लोक येतात आणि दारातून विचारतात, "करिष्माताई आहेत का?" मी ते वरून ऐकतो. कुणी वर पाहत नाही.

गेल्या महिन्यात पुष्पांजली नावाची एक मुलगी करिष्माकडे शिकायला आली. पहिल्याच दिवशी तिने वर बोट दाखवलं. "ताई, कपाटावर रबराचा हात हाये. सरावाले घेऊ का?"

मित्रांनो, माझ्यात जीव असता तर तो तेव्हा उडून गेला असता. करिष्माने स्टुलावर चढून मला खाली काढलं. ओढणीने धूळ पुसली. माझी बोटं पूर्वीसारखी धरली, मोडलेलं बोटही. क्षणभर मला वाटलं, आले माझे दिवस परत.

"नाही," ती म्हणाली. "मी याच्यावर शिकली. लय साथ देली यानं मले. पन याले बिचाऱ्याले बोलता येत नाही." तिने मला टेबलाच्या कडेला ठेवलं आणि स्वतःचा डावा हात पुष्पांजलीपुढे पसरला. "हा घे. लागलं तं मी वरडीन."

पुष्पांजलीने कानस चालवली. करिष्मा म्हणाली, "आई गं!" पुष्पांजली दचकून थांबली आणि तिने वर, ताईच्या तोंडाकडे पाहिलं. पहिल्याच दिवशी पाहिलं.

तर मुलांनो, जुन्या वस्तू जपा, वगैरे मी तुम्हाला सांगणार नाही. जपलंत तर चांगलंच आहे. माझं मागणं वेगळं आहे. कुणी तुमचा हात धरला आणि तुम्हाला दुखलं, तर सांगा. लाजू नका, सोसत बसू नका. धरणारा वाईट असतोच असं नाही, पुष्कळदा त्याला कळलेलं नसतं. ज्या मुलीने मला पहिल्यांदा जपून हातात घेतलं, तिला मी महिनाभर चुकीचं शिकवलं, ते फक्त गप्प राहून. मला एकदा तरी 'आई गं' म्हणता यायला हवं होतं.